अनुस्वार कुठे जातो

“ताई, तुमच्या फाइलमध्ये अकरा ठिकाणी अनुस्वारावर अनुस्वार आहे. मुद्दाम ठेवले आहेत का?”

अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी फोनवर हे इतक्या अदबीने विचारले, की त्यातला ठपका ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. त्यांच्या जुळणीच्या प्रोग्रॅममध्ये ते दुसरे अनुस्वार तुटक रेषेच्या छोट्या वर्तुळावर बसलेले दिसत होते. ज्या चिन्हाला टेकायला अक्षर सापडत नाही, ते असे वर्तुळावर टांगून दाखवण्याची पद्धत आहे. माझ्या पडद्यावर मात्र त्याच जागी एकच टिंब होते, फार तर आजूबाजूच्या टिंबांपेक्षा किंचित ठसठशीत. दोन टिंबे बरोबर एकावर एक पडली तर ती एकच दिसणार. प्रश्न वेगळाच होता. अनुस्वार दिसला नाही म्हणून अकरा ठिकाणी मी तो दिला होता, आणि अकराही ठिकाणी तो आधीपासून तिथेच होता.

मजकूर आजचा असता तर हे घडले नसते. ते एका जुन्या निबंधसंग्रहाचे पुनर्मुद्रण होते आणि मूळ लेखन जसेच्या तसे ठेवायचे असे प्रकाशकांनी ठरवले होते. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांना १९६२मध्ये मान्यता मिळाली, १९७२मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘त्यानें’, ‘पुस्तकें’, ‘कुठें’, ‘नांव’ अशी टिंबांची रांगोळी पानभर पसरलेली असते. आजचा मजकूर तपासताना डोळा चुकला तरी कान सावरून घेतो. ‘सत तुकाराम’ असे दिसले तर कानच हटकतो. जुन्या अनुस्वारांच्या बाबतीत कानाचा काहीही उपयोग नसतो. तिथे एका बाजूला मूळ प्रत, दुसऱ्या बाजूला पडदा आणि मध्ये आपला डोळा, एवढाच कारभार. मूळ प्रतीत टिंब आहे आणि पडद्यावर नाही, असे दिसले की हात आपोआप कळफलकाकडे जातो. सव्वीस वर्षे प्रूफे तपासल्यानंतर हा हात माझ्या परवानगीची वाट पाहत नाही.

मी काम करते ती खोली ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. खोलीची एक भिंत स्वयंपाकघराशी सामाईक आहे, आणि त्या भिंतीपलीकडे फ्रिज आहे; या भिंतीविषयी पुढे बोलायचे आहे. लॅपटॉप २०१६ मधला. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे जाहीर झालेले होते आणि विंडोज ११ ला लागणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत माझा लॅपटॉप बसत नव्हता. तेव्हा ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने एका रविवारी येऊन त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती घालून दिली. जाताना त्याने एकच अट घातली होती: काही बिघडले तर नुसते ‘बिघडलंय’ म्हणायचे नाही, काय दिसते आणि काय दिसायला हवे होते, ते दोन्ही सांगायचे. मुद्रितशोधकाला ही अट नवी नव्हती. प्रूफाच्या समासात आपण तेच लिहीत असतो.

त्याला फोन केला तेव्हा मी अटीप्रमाणे दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्याने मध्येच थांबवून सांगितले, “मावशी, आता अनुस्वार गेलेला दिसला की आधी स्क्रीनशॉट काढ, आणि मग मोबाइलने पडद्याचा फोटो काढ. दोन्ही पाठव.”

“दोन्ही कशाला? चित्र तेच असणार.”

“तेच असलं तर एक गोष्ट कळेल, वेगळं असलं तर दुसरी.”

पडद्याच्या दुखण्यांबाबत मला आजवर कोणी सांगितलेले यापेक्षा नेमके वाक्य आठवत नाही, म्हणून त्याचा अर्थ जरा सविस्तर सांगते. आपण टंकलेले अक्षर डोळ्यांपर्यंत पोहोचते ते बऱ्याच हातांतून. आधी लेखनाचा प्रोग्रॅम आपल्या चौकटीपुरते चित्र काढतो. कोणते अक्षर कोणत्या जोडाक्षराच्या रूपात यावे, वेलांटी कुठे बसावी, अनुस्वार कोणत्या उंचीवर यावा, हे लिनक्सवर बहुधा ‘हार्फबझ’ नावाची एक प्रणाली ठरवते. मग सगळ्या प्रोग्रॅमांच्या चौकटी एकावर एक रचून एकच चित्र करणारा आणखी एक प्रोग्रॅम असतो, त्याला कंपोझिटर म्हणतात. हे तयार चित्र स्मृतीत ठेवले जाते. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट. ग्राफिक्सचा भाग हे चित्र सेकंदाला साठ वेळा वाचून केबलवरून पडद्याकडे ढकलत असतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे पन्नास कोटी बाइट. आणि शेवटी पडद्यातली स्वतःची विद्युतयंत्रणा ते ठिपके उजळते.

स्क्रीनशॉट घेतला जातो तो या रांगेच्या मधल्या टप्प्यावर, चित्र रचून झाल्यावर पण केबलवर चढण्याआधी. मोबाइलचा फोटो घेतला जातो अगदी शेवटच्या टोकाला, माझा डोळा असतो तिथे. दोष स्क्रीनशॉटमध्येही दिसला तर तो चित्र काढणाऱ्यांकडे आहे: प्रोग्रॅम, फॉन्ट, कंपोझिटर किंवा ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्सचा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, चित्र काढणारा भाग. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला आणि फोटोत मात्र दोष दिसला, तर चित्र बरोबर काढले गेले आहे आणि पोहोचवणाऱ्यांपैकी कोणीतरी गडबड केली आहे. एका झटक्यात निम्मे संशयित सुटतात. असे असताना लोक पहिला सल्ला देतात तो ‘रिस्टार्ट करून बघा’ हा. तो मला चोरीच्या जागी आधी झाडू मारण्यासारखा वाटतो.

अनुस्वार जाताना पाहायचा म्हणून दुसऱ्या दिवशी मी पान मोठे करून बसले. एकाखाली एक दोन ओळी होत्या. खालच्या ओळीत ‘कुठें’ हा शब्द होता. वरच्या ओळीतला स्वल्पविराम काढून मी तिथे अर्धविराम दिला, आणि त्याच क्षणी खालच्या ‘ठें’वरचे टिंब गेले. टिंब पुरते गेले आणि मात्रेचा शेंडाही कापल्यासारखा सपाट झाला, जणू कोणी त्या ओळींमधून पट्टी धरून पाते ओढले होते. शिरोरेषा शाबूत होती. मी तो शब्द माउसने निवडला, तर निळ्या पट्ट्यात टिंब परत आले. निवड सोडली, टिंब राहिले. वरच्या ओळीत पुन्हा एक अक्षर टंकले, टिंब गेले.

स्क्रीनशॉटमध्ये टिंब नव्हते. फोटोतही नव्हते.

म्हणजे केबल आणि पडदा निर्दोष होते. भाच्याने आणखी एक परीक्षा सांगितली. लॉगिनच्या वेळी खाली उजवीकडे दातेरी चाकाचे चिन्ह येते, तिथे वेलँड ऐवजी झॉर्ग निवडून पाहायचे. लिनक्सवर पडद्याचा कारभार पाहणाऱ्या या दोन व्यवस्था आहेत. जुनी एक्स (झॉर्ग हे तिचेच आजचे रूप) ही १९८४मध्ये एमआयटीत सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७मध्ये आली, आणि आजही एक्स म्हणतात ती तीच अकरावी. वेलँडचे काम २००८मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी सुरू केले. अर्धवट रंगवलेले चित्र पडद्यावर कधीच येऊ नये हा तिच्यामागचा एक मुख्य हेतू होता. मी दोन्हीकडे तेच पान उघडले, तोच अर्धविराम दिला, आणि टिंब दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने नाहीसे झाले. संशयितांपैकी आणखी एक मोठा असामी सुटला. राहिले दोघे, लेखनाचा प्रोग्रॅम आणि फॉन्ट.

कारण समजले तेव्हा मला थोडी शरमच वाटली, कारण ते माझ्या व्यवसायातले होते. प्रकाशकांनी पाठवलेल्या साच्यात ओळींमधले अंतर ‘ठरावीक’ या पद्धतीने बांधलेले होते. असे अंतर दिले की फॉन्ट कितीही उंच असो, ओळीला तेवढीच जागा मिळते, आणि अक्षरे कापली जाऊ शकतात, असे लिब्रेऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅमच्या मदतपानातही स्पष्ट म्हटले आहे. प्रकाशकांच्या स्वतःच्या फॉन्टला ते अंतर पुरेसे होते. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, आणि लिनक्सने त्याच्या जागी मुकाट्याने दुसरा, अधिक उंच देवनागरी फॉन्ट बसवला होता. एफसी-मॅच ही आज्ञा दिली की अमुक फॉन्ट मागितल्यावर प्रत्यक्षात कोणता मिळणार हे कळते. दिली, आणि कळले. मग सगळे जुळले. खालच्या ओळीचे अनुस्वार वरच्या ओळीच्या हद्दीत शिरत होते. संगणक दर वेळी अख्खा पडदा नव्याने रंगवत नाही, जेवढा तुकडा बदलला तेवढाच पुसून रंगवतो. वरच्या ओळीत बदल झाला की तिची हद्द पुसली जाई, आणि तिथे पाहुणे म्हणून आलेले खालच्या ओळीचे टिंबही त्याबरोबर पुसले जाई. लॅटिन लिपीत असा त्रास एवढा होत नाही, कारण त्या अक्षरांच्या डोक्यावर आपल्यासारखी मात्रा, तिच्यावर रफार आणि शेजारी टिंब अशी उतरंड नसते.

प्रकाशकांकडून फॉन्ट मागवला, तो येईपर्यंत ओळींचे अंतर प्रमाणात केले, आणि अकरा जोड-अनुस्वार शोधून काढले. शोधणे सोपे होते: शोधाच्या चौकटीत दोन अनुस्वार लागोपाठ द्यायचे. डोळ्याला एक दिसणारी गोष्ट यंत्राला दोन दिसते, हे एरवी त्रासाचे असले तरी त्या दिवशी उपकारक ठरले.

इथे हे प्रकरण संपायला हवे होते. पण एकदा पडद्यावरचा विश्वास गेला की माणूस प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहू लागतो, आणि संशयाने पाहिले की काहीतरी सापडतेच. दोनेक आठवड्यांनी असे ध्यानात आले, की मी एखादे अक्षर टंकून थांबले तर कधीकधी ते उमटतच नाही. माउस जरा हलवला की उमटते. नाही उमटले म्हणून मी पुन्हा टंकत असे, आणि मग एकदम दोन अक्षरे येत. लक्षण पहिल्यासारखेच, म्हणून मी पुन्हा फॉन्टला धारेवर धरले. या वेळी मात्र स्क्रीनशॉटमध्ये अक्षर होते आणि फोटोत नव्हते.

हा दोष मी फार थोडक्यात सांगते, कारण तो सापडायला वेळ लागला तरी सांगायला लागत नाही. लॅपटॉपच्या पडद्यांना ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ (पीएसआर) नावाची एक सोय असते. लॅपटॉपचा पडदा आतून जोडण्याचे जे एम्बेडेड डिस्प्लेपोर्ट हे मानक आहे, त्याच्या १.३ या आवृत्तीबरोबर ती २०११मध्ये आली. चित्र हलत नसेल तर पडदा ते आपल्याच छोट्या स्मृतीत ठेवून तिथून दाखवत राहतो, आणि ग्राफिक्सचा भाग आपली वाहिनी मिटून जरा डुलकी काढतो. बॅटरी वाचते. बदल झाला की त्याने उठून नवे चित्र द्यायचे असते, आणि जागे होण्याची ही देवघेव काही पडद्यांशी नीट जुळत नाही. वाचताना चित्र स्थिर असते, म्हणजे माझ्या धंद्यात पडदा दिवसभर डुलकीच्याच बेतात. लॅपटॉप सुरू होताना लिनक्सला उठवणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या यादीवर ‘ई’ दाबून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीच्या शेवटी आय९१५ या ड्रायव्हरसाठी पीएसआर शून्य करण्याचा पर्याय लिहिला. असा बदल फक्त त्या एका वेळेपुरता टिकतो, आणि म्हणूनच तो आधी करावा. चार दिवस रोज सकाळी तेवढे टंकून पाहिले, अक्षरे वेळेवर उमटू लागली, तेव्हाच ग्रबच्या कायमच्या फाइलमध्ये ते लिहून अपडेट-ग्रब ही आज्ञा दिली. बॅटरी आता थोडी लवकर उतरते. मला चालते.

तिसरे प्रकरण बाहेरच्या मॉनिटरचे. पुनर्मुद्रणाची पाने जोडीने पाहता यावीत म्हणून मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून मॉनिटर घेतला होता, आणि टेबलाखालून भिंतीच्या कडेने नेता यावी म्हणून पाच मीटर लांबीची एचडीएमआय केबल. पावसाळ्यात एका सकाळी मॉनिटर लावला तर सगळी अक्षरे फुगलेली आणि धूसर. सेटिंगमध्ये पाहिले तर १०२४ गुणिले ७६८ याखेरीज जवळजवळ काही उपलब्धच नाही. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याचे ओळखपत्र असते, त्याला ईडीआयडी म्हणतात. मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा; पण मॉनिटर कोणत्या मापाचे चित्र घेऊ शकतो ते त्यात लिहिलेले असते. संगणकाला ते वाचता आले नाही तर तो अनोळखी पाहुण्याला ओटीवरच बसवावे तसे हे जुने सुरक्षित माप देतो. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली आणि माप परतले. ठाण्याच्या पावसाळ्यात खाडीवरच्या हवेने पितळेची समईसुद्धा आठवड्यात काळवंडते. केबलच्या एकोणीस पिनांचे काय होत असेल, असे म्हणून मी तो विषय सोडून दिला. सोडायला नको होता.

कारण त्यानंतर मॉनिटर मध्येच एक सेकंद काळा होऊन परत येऊ लागला. या एका सेकंदापायी मी तीन शनिवार-रविवार वाया घालवले. इंटरनेटवर सापडलेले जुने उपाय एकामागून एक केले. त्यांतला एक होता एक्सच्या संरचनेच्या फाइलमध्ये ‘टिअर-फ्री’ नावाची ओळ घालण्याचा; ती घातल्यावर त्रास कमी झाल्याचा मला स्पष्ट भास झाला. पुढे कळले की मी वेलँडमध्ये काम करत होते आणि वेलँडचा कंपोझिटर ती फाइल वाचतच नाही. औषधाची बाटली शेजाऱ्याच्या घरी ठेवून मला बरे वाटले होते.

शेवटी जर्नलसीटीएल ही आज्ञा देऊन कर्नलची रोजनिशी उघडली. काळेपणाच्या वेळी तिच्यात काहीच नोंद नव्हती. संगणकाला काही झाल्याचे माहीतच नव्हते. तो आपला चित्र पाठवतच होता. मग मी स्वतःची रोजनिशी सुरू केली. प्रूफांच्या चुका टिपायची जुनी वही होती, तिच्या मागच्या पानावर वेळा लिहू लागले: सव्वाअकरा, बारा वाजायला पाच, बारा पस्तीस, सव्वा. दुसऱ्या दिवशीही साधारण तेवढ्याच अंतराने. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ‘एक पाच’ असे लिहीत असताना भिंतीपलीकडून फ्रिजचा धक्का ऐकू आला, आणि मग त्याची ओळखीची गुरगुर. ती गुरगुर मी वर्षानुवर्षे ऐकत होते आणि तितकीच वर्षे ती मला ऐकू येत नव्हती. उठून स्वयंपाकघरात गेले, जुन्या ट्यूबलाइटचे बटण चारपाच वेळा खाली-वर केले, आणि परत आले तर मॉनिटर नुकताच काळा होऊन उजळत होता.

आमच्या इमारतीची वीज पाहणारे वायरमन संध्याकाळी आले. त्यांना मी एचडीएमआय वगैरे काही सांगितले नाही. एवढेच सांगितले, की या लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर हात फिरवला की कधीकधी झिणझिण्या येतात, आणि गंमत म्हणजे मॉनिटरची केबल लावलेली असेल तर येत नाहीत. त्यांनी टेस्टर खिशातच ठेवला, टेबलाशेजारच्या बोर्डाचे झाकण उघडले आणि मला जवळ बोलावले. “हे बघा काकू. तिसरं भोक आहे, पण त्याच्या मागं वायरच नाही. नुसतं शोभेला.”

आपल्या तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन इतर दोघींहून जाड आणि लांब असते. खुळखुळत का होईना, जमिनीशी नाते आधी जोडले जावे म्हणून. माझ्या बोर्डात ती पिन गेली कित्येक वर्षे एका रिकाम्या भोकात जात होती. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात; जमीनच नसली की २३० व्होल्टच्या साधारण निम्म्या पातळीवर झाकण तरंगत राहते. विद्युतप्रवाह अगदी क्षीण, म्हणून झटका नाही, झिणझिण्या. मॉनिटर मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या नव्या पॉइंटवर होता आणि तिथे अर्थिंग होते. म्हणजे केबल लावली की लॅपटॉपला जमीन मिळत होती ती केबलच्या धातूच्या वेष्टणातून. जी केबल चित्र वाहायला आणली होती, ती फावल्या वेळात अर्थिंगचे कामही करत होती. एवढ्या मापाचे चित्र सेकंदाला साठ वेळा न्यायचे म्हणजे एचडीएमआयच्या तीन तारांतून मिळून सेकंदाला सुमारे साडेचार अब्ज बिट जातात. त्याच वेळी फ्रिजच्या रिलेची ठिणगी त्याच वेष्टणातून वाट काढणार असेल, तर मॉनिटरचा ताल चुकून तो क्षणभर डोळे मिटणार, यात त्याचा काय दोष?

दोन उपाय होते आणि मी ते मुद्दाम एकाच दिवशी केले नाहीत. आधी पाच मीटरच्या जागी दीड मीटरची चांगली केबल आणली, आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या. नोंदी निम्म्यावर आल्या. मग वायरमननी मीटरपासून अर्थिंगची हिरवी वायर ओढून बोर्डापर्यंत आणली, आणि वहीचे पुढचे पान कोरेच राहिले. कोणत्या उपायाने किती गुण आला हे आता मला माहीत आहे. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, “मावशी, आमच्या ऑफिसात येतेस का?”

या सगळ्या भानगडीत पुनर्मुद्रण लांबले, पण पूर्ण झाले. अगदी शेवटच्या फेरीत एक ओळ अडली. प्रकाशकांनी दिलेल्या स्कॅनमध्ये सगळीकडे ‘त्यानें’ होते, एका ठिकाणी मात्र ‘त्याने’. पडद्यावर टिंब नाही हे मी शब्द निवडून, फॉन्ट बदलून, स्क्रीनशॉट काढून पाहिले. फाइलमध्येही नव्हते, कारण स्कॅनमध्येच नव्हते. पण स्कॅन म्हणजे तरी काय, कागद आणि माझा डोळा यांच्या मधला आणखी एक हातच. करडे ते पांढरे करून टाकताना फिकट टिंबे स्कॅनर गिळून टाकतात, हे मी पूर्वी पाहिलेले होते.

मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३पासून आहे, आणि त्या निबंधसंग्रहाच्या पहिल्या आवृत्तीची एक प्रत त्यांच्याकडे निघाली. पाने पिवळी आणि कडेला ठिसूळ, त्यामुळे मी ती टेबलावरून न उचलता पाहिली. ‘त्याने’. इथेही टिंब नव्हते, म्हणजे स्कॅनर निर्दोष होता. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची छपाई, एखाद्या खिळ्याचे नाजूक टोक छापता छापता मोडून पडणे त्या काळी नेहमीचे. किंवा लेखकानेच दिले नसेल, एखादे माणसाच्या हातून राहतेच. मी वही मिटत आणली होती, पण सवयीने पान थोडे कलते करून खिडकीच्या उजेडात धरायची परवानगी मागितली. उजेड तिरका पडला तशी ओळींची उलट बाजू उठून दिसू लागली, आणि ‘ने’च्या मात्रेच्या उजव्या अंगाला, शाई नसलेला, सुईच्या टोकाएवढा एक खळगा दिसला. खिळा शाबूत होता, दाबही पडला होता, शाई तेवढी लागली नव्हती.

घरी जाताना तलावपाळीजवळून मी अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांना फोन लावला आणि पान व ओळ सांगून तिथे एक अनुस्वार वाढवायला सांगितला.

“एकच ना, ताई?” त्यांनी विचारले.